‘शेत’ की ‘बांधी’? : नवोदित कथालेखकाच्या शिक्षणाविषयी

दिवाळी आली की पुण्या-मुंबईत दिवाळी अंक येतात आणि भंडारा जिल्ह्यात मंडई येते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो. अशा मधल्या दिवसांत गावोगावच्या मंडईच्या तारखा ठरतात. दुकाने लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळीशी छापील गोष्टीचे नाते जोडले गेले. झाडीपट्टीत दिवाळीशी गोष्टीचे नाते आहेच, पण ते ऐकण्या-पाहण्याचे आहे.

साकोली, लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला कथा लिहावीशी वाटली, तर ती व्यक्ती या दोन दिवाळ्यांच्या मध्ये उभी असते. तिने गोष्ट ऐकलेली असते मंडईत, ओट्यावर, रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायांच्या बोलण्यात. लिहायची असते मात्र अंकासाठी. ऐकलेल्यापासून लिहिलेल्यापर्यंतचे हे अंतर कसे काटायचे, हा कथालेखनाच्या शिक्षणातला पहिला प्रश्न आहे. मराठी समीक्षेने आणि मराठी संपादकांनी नवोदिताला या बाबतीत काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तंत्राची शाळा

कथा लिहायला शिकता येते, ही गोष्ट मराठीत ठामपणे प्रथम मांडली ती ना. सी. फडके यांनी. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली प्रसिद्ध झाले. पुढे ‘लघुकथालेखन : मंत्र आणि तंत्र’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. प्रतिभा ही दैवी देणगी आहे आणि तिच्याविषयी बोलणे व्यर्थ आहे, असे मानणाऱ्या वातावरणात फडक्यांनी कथेचे घटक वेगळे करून दाखवले. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, आरंभ, शेवट या प्रत्येकाचे काम काय आणि ते कसे साधते, याची चर्चा त्यांनी केली. आज फडक्यांचे नाव घेतले की ‘तंत्राच्या आहारी गेलेली कथा’ एवढेच आठवण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. खेड्यातल्या ज्या मुलाच्या घरी लेखनाची परंपरा नाही, ज्याच्या ओळखीत एकही लेखक नाही, त्याला ‘हे शिकता येते’ असे सांगणारे पुस्तक केवढा धीर देत असेल, याची कल्पना परंपरा असलेल्या घरांतून येणे अवघड आहे.

फडक्यांच्या तंत्रविचाराच्या मागे पाश्चात्त्य कथाविचार होता. कथेतल्या प्रत्येक शब्दाने ठरवलेल्या एका परिणामाकडे जावे, हा विचार एडगर अॅलन पो याने हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना १८४२ मध्ये मांडला होता. पुढे तो जगभरच्या कथाशिक्षणाचा पाया झाला. मराठीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ मुख्यतः रचनेपुरता घेतला गेला. आरंभ पकड घेणारा हवा, गुंता वाढत जायला हवा, शेवटी कलाटणी हवी. घर कसे बांधायचे हे या शाळेने नीट शिकवले. घरात बोलणार कोण आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न तिला फारसा पडला नाही. कारण फडक्यांच्या कथेत बोलणारे आणि सांगणारे बहुधा एकाच वर्गातले, एकाच भाषेतले होते. निवेदकाची भाषा आणि पात्रांची भाषा यांत दरीच नसेल, तर तिच्यावर पूल बांधण्याचे तंत्र शोधावे लागत नाही.

भंडाऱ्याच्या नवशिक्याची अडचण नेमकी तिथे सुरू होते. त्याच्या बाबतीत ती दरी पहिल्या वाक्यालाच आडवी येते.

२. अनुभवाची शाळा

१९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथेने तंत्राची चौकट मोडली. गाडगीळांनी ‘खडक आणि पाणी’ (१९६०) या ग्रंथात नव्या कथेची बाजू समीक्षक म्हणूनही मांडली. अनुभवाला त्याचा स्वतःचा घाट असतो, तो बाहेरून लादता येत नाही, हे त्या काळाचे सांगणे होते. मराठी कथेसाठी ते मुक्त करणारे ठरले, यात शंका नाही.

नवशिक्यासाठी मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ‘तंत्र’ हा शब्दच बदनाम झाला. लेखक ‘घडतो’, त्याला ‘शिकवता’ येत नाही, हा समज पुन्हा रुजला. कथा कशी लिहिता, या प्रश्नाला प्रतिष्ठित लेखक ‘आतून येते’ असे उत्तर देऊ लागले. ते खोटे नसते, पण ज्याने अजून पहिली कथा लिहिलेली नाही त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

प्रत्यक्षात त्या पिढीलाही शाळा होती. ती होती ‘सत्यकथा’ मासिकाच्या कार्यालयात. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदितांच्या हस्तलिखितांवर घेतलेली मेहनत मराठी साहित्यव्यवहारात सर्वपरिचित आहे. कथा परत येई ती पत्रासह. पत्रात कुठे निवेदन सैल पडले, कोणता परिच्छेद नको, शेवट कुठे आधीच होऊन गेला, हे लिहिलेले असे. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. कथालेखनाचे शिक्षण याहून वेगळे काय असते? फ्लोबेअरने तरुण मोपासाँची लेखने तपासली किंवा चेखॉव्हने १८८६ मध्ये आपल्या भावाला, अलेक्सांद्रला, लेखनाविषयी पत्रातून सूचना केल्या, त्याच जातीचे हे काम होते. जाणत्या वाचकाने नेमक्या वाक्यावर बोट ठेवायचे आणि लिहिणाऱ्याने ते वाक्य पुन्हा लिहायचे. अनुभववादी पिढीचे तंत्रशिक्षण या पत्रांतून होत होते. फक्त त्याला तंत्र म्हणायचे नाही, असा संकेत होता.

या शाळेचीही मर्यादा होती. तिची अभिरुची विशिष्ट होती आणि त्या अभिरुचीबाहेरच्या लेखकांनी १९६० नंतर तिच्याविरुद्ध आवाज उठवला. अनियतकालिकांची चळवळ आली. त्याच दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांच्या कितीतरी नव्या नावांना पहिली जागा दिली. पानतावणे मूळ नागपूरचे, त्यांचे नियतकालिक औरंगाबादचे. ‘तुझे अनुभव लिहिण्याजोगे आहेत’ हे त्या नियतकालिकाने नवोदिताला सांगितले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहिण्याच्या कक्षेबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी हा धडा रचनेच्या सगळ्या धड्यांच्या आधीचा होता.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले. हस्तलिखितावर पत्र लिहिणारा संपादक त्यानंतर दुर्मीळ होत गेला.

३. सांगणारा कोण आणि तो कसे बोलतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला ‘बांधी’ म्हणतात. रोपांना ‘पऱ्हे’ म्हणतात. पऱ्हे उपटून चिखलात लावण्याच्या कामाला ‘रोवणी’ म्हणतात. कोकणात त्याच कामाला ‘लावणी’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात बहुधा नुसतेच ‘शेतीची कामे’ असते. जिल्ह्यातल्या नवशिक्याने पहिली कथा लिहायला घेतली की तो ‘बांधी’ खोडून ‘शेत’ लिहितो. त्याला कोणी सांगितलेले नसते. दहा-बारा वर्षांच्या शाळेत त्याने एवढे शिकलेले असते, की घरचे शब्द वहीत लिहायचे नसतात.

‘बांधी’ गेली की तिच्याबरोबर धुरा जातो, धुऱ्यावरचे भांडण जाते, वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत कोण सोडणार हा तंटा जातो, मालगुजारी तलावाच्या पाटावर रात्री कंदील घेऊन बसलेला माणूस जातो. ‘शेत’ या शब्दात यातले काहीच नसते. नवोदिताची कथा ‘कृत्रिम’ वाटते असे परीक्षक म्हणतात, तेव्हा दोष कल्पनेचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो शब्द बदलण्याच्या त्या पहिल्या, जवळजवळ नकळत झालेल्या खाडाखोडीत असतो.

याचा अर्थ सगळी कथा बोलीत लिहावी असा होत नाही. निवेदकाची भाषा ही निवड आहे आणि मराठी कथात्म साहित्यात तिचे वेगवेगळे नमुने उपलब्ध आहेत. नवशिक्याने ते वाचताना ‘गोष्ट काय आहे’ यापेक्षा ‘सांगणारा कुठे उभा आहे’ हे पाहावे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) निवेदक गावातलाच, पण शिकून बाहेर गेलेला आहे. तो साध्या, कोरड्या प्रमाण मराठीत सांगतो आणि माणसे त्यांच्या बोलीत बोलतात. निवेदन इतके मोजके आहे की बोली आणि निवेदन यांच्यातला सांधा खटकत नाही. निवेदक भावुक झाला असता, तर तीच दोन भाषांतली दरी ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी दिसली असती. माडगूळकरांचा संयम हा स्वभाव असेल, पण तो या अडचणीवरचा तांत्रिक उपायही आहे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) भंडाऱ्याला भूगोलाने अधिक जवळची. अमरावतीकडच्या वऱ्हाडी भाषेतले संवाद आणि प्रमाण मराठीला धरून चालणारे निवेदन, असा तिचा विभाग आहे. परंतु कौतिकच्या जगण्याचा तपशील निवेदनात उतरतो तेव्हा घरकाम, मजुरी, भांडीकुंडी यांचे शब्द कौतिकच्या जगातलेच राहतात. निवेदक तिच्यापेक्षा अधिक शिकलेला आहे, पण तिच्यापेक्षा अधिक शहाणा असल्याचे दाखवत नाही. महादेवच्या आळसावर तो भाष्य करत बसत नाही. कौतिक सकाळी काय करते आणि महादेव सकाळी काय करत नाही, एवढे तो शेजारी-शेजारी ठेवतो. नवशिक्याने ‘धग’ची दहा पाने हाताने उतरवून काढावीत. निवेदकाने स्वतःचे मत कुठे गिळले आहे, हे हाताला डोळ्याआधी कळते.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) तिसरी वाट दाखवते. इथे सांगणारा नारबा स्वतः मळ्यावरचा गडी आहे आणि सबंध कादंबरी त्याच्या बोलीत आहे. मधला शिकलेला निवेदकच नाहीसा होतो. ट्रॅक्टर आला आणि जनावरे गेली, याचा ‘यांत्रिकीकरण’ असा शब्द नारबाकडे नाही. त्याच्याकडे प्रत्येक जनावराचा स्वभाव आहे. शब्द नसल्यामुळेच ती हानी वाचकापर्यंत पोचते. या वाटेची किंमतही आहे. निवेदकाला जे माहीत नाही ते लेखकाला सांगता येत नाही आणि सबंध बोलीचा सूर शेवटच्या पानापर्यंत न चुकता टिकवावा लागतो.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत चौथी शक्यता दिसते. तिथला ‘मी’ शिकलेला कामगार आहे आणि प्रमाण मराठीत सांगतो. पण तिथे ही भाषा तटस्थ नाही. जात लपवून वावरणाऱ्या माणसाला शिकलेल्याची भाषा हे अंगावरच्या कपड्यासारखे आवरण आहे आणि आवरण फाटण्याची भीती त्या निवेदनात सतत आहे. प्रमाणभाषा म्हणजे आपली भाषा सोडणे, असा सरधोपट निष्कर्ष काढणाऱ्याने ही कथा जरूर वाचावी. भाषा कोणती, यापेक्षा ती निवेदकाने का धरली आहे, हे कथेत दिसले पाहिजे.

चारही लेखकांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्यात समान आहे ते एवढेच, की चौघांनीही तो सोडवला. शाळेतली वही जशी लिहायला शिकवते तसे ते लिहीत गेले नाहीत.

४. एक छोटा प्रयोग

तत्त्व सांगण्यापेक्षा उदाहरण घेऊ. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. वैनगंगेचे पाणी अडले आणि पवनी-भंडारा भागातल्या अनेक गावांना उठावे लागले. जिल्ह्यातल्या नवोदिताला हा विषय खुणावणे स्वाभाविक आहे. समजा, त्याला उठणाऱ्या गावातल्या एका म्हातारीची कथा लिहायची आहे. पुढची वाक्ये याच लेखासाठी रचलेली आहेत.

पहिला खर्डा बहुधा असा असतो : ‘विस्थापनाच्या असह्य वेदनेने म्हातारीचे काळीज पिळवटून निघत होते. पिढ्यान्‌पिढ्यांची माती आता जलसमाधी घेणार, या विचाराने तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत होते.’

वेदना खरी आहे, वाक्ये शुद्ध आहेत आणि म्हातारी कुठेच नाही. ‘विस्थापन’ हा शब्द सरकारी कागदाचा, ‘जलसमाधी’ वर्तमानपत्राचा, ‘काळीज पिळवटणे’ पाठ्यपुस्तकाचा. लेखकाला जे वाटले ते त्याने वाचकाला सांगून टाकले, आता वाचकाला काही करायचे उरले नाही.

दुसरा खर्डा असा होऊ शकतो : ‘म्हातारी रोज सकाळी दारात उभी राहायची आणि नदीकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, “पानी कुठवर आला?” कुणी सांगायचा, देवळाच्या पायरीला. कुणी सांगायचा, पिंपळाला. ती मान हलवायची, आत जायची आणि चुलीला पोतेरं द्यायची.’

यात दुःख हा शब्द नाही. बुडणार असलेल्या चुलीला पोतेरे देणारा हात आहे. प्रश्न रोज तोच आहे आणि उत्तर रोज थोडे जवळ येते, त्यामुळे काळ पुढे सरकतो आणि ताण वाढतो. फडके ज्याला रचना म्हणत ती इथे आहे, गाडगीळांच्या पिढीला हवा असलेला अनुभवाचा घाटही आहे. दोन्ही आले ते म्हातारीच्या प्रश्नातून.

आता ‘पानी कुठवर आला?’ हे वाक्य पाहा. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘ळ’ नाही, ‘डोळा’चा ‘डोरा’ आणि ‘काळा’चा ‘कारा’ होतो. प्रमाण मराठीतले पाणी ‘येते’ आणि ‘आले’ होते, पूर्व विदर्भाच्या बोलण्यात पानी ‘आला’ असतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याला हे वाक्य दोन ठिकाणी चुकलेले वाटेल. कथेच्या दृष्टीने पाहिले तर ‘आला’ या पुल्लिंगाने पाणी एखाद्या येणाऱ्या माणसासारखे होते. सावकार कुठवर आला, जप्तीवाला कुठवर आला, तसा पानी कुठवर आला. हा अर्थ लेखकाने योजलेला नाही, तो बोलीत होताच. लेखकाचे काम फक्त तो ‘दुरुस्त’ न करण्याचे.

प्रश्न अजून संपत नाही. अवतरणात ‘पानी’ आणि बाहेर ‘म्हातारी’, ‘देवळाच्या पायरीला’, अशी प्रमाण मराठी आहे. म्हणजे सांगणारा गावाबाहेरचा किंवा बाहेर जाऊन आलेला आहे. ‘म्हातारी’च्या जागी ‘बुढी’ लिहिले, तर एका शब्दाने सांगणारा गावात येऊन उभा राहतो. ‘बुढी’ घरचा माणूस म्हणतो आणि ते म्हणण्यात थोडी कुरकुर, थोडी माया असते. मग पुढची वाक्येही बदलावी लागतील, कारण ‘बुढी’ म्हणणारा ‘विचारायची’च्या सुरात फार वेळ बोलणार नाही. एका नामाने निवेदकाचे वय, नाते आणि उभे राहण्याची जागा ठरते. कथालेखनाचे तंत्र म्हणतात ते प्रत्यक्षात या पातळीवर असते. ते शिकता येते, शिकवताही येते. त्यासाठी प्रतिभेविषयी व्याख्यान लागत नाही, हातात एक परिच्छेद आणि समोर एक वाचक लागतो.

५. मंडईतले धडे आणि त्यांची सीमा

भंडाऱ्याच्या नवशिक्याजवळ पुस्तकांची कमतरता असेल, कथनाची नाही. दंडारीतले सोंग लिहिलेल्या संहितेवर उभे नसते. प्रसंग ठाऊक असतो, बोलणे त्या रात्री घडते. खडी गंमतीतला शाहीर उभ्याने, डफावर, समोरच्या माणसांच्या तोंडाकडे पाहत पुढे जातो. प्रेक्षक चुळबुळला की प्रसंग आवरायचा, रंगला की वाढवायचा. कथेतला ताण म्हणजे काय, हे पोर तिथे मांडी घालून शिकते. कोणती माहिती आधी आणि कोणती राखून ठेवायची, विनोदानंतर किती क्षण थांबायचे, हे सगळे ते ऐकत असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला, बोलीचा शब्दकोश सिद्ध केला, बोलीची संमेलने भरवण्यात पुढाकार घेतला. त्या कामाचा उपयोग केवळ भाषाशास्त्राला नाही. या जिल्ह्यातल्या कथालेखकासाठी ते हत्यारांचे कोठार आहे.

तरीही मंडईला गुरुकुल ठरवून मोकळे होता येत नाही. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे, की रंगमंचावर नटाचे शरीर जे करते ते कागदावर कोणी करत नाही. सोंगाड्या नुसता वळून पाहतो आणि लोक हसतात. लिहिणाऱ्याला ते वळणे वाक्यात आणावे लागते आणि ते वाक्य चौथ्या-पाचव्या वेळी जमते. दंडार एका रात्रीची, तर कथा पुन्हा पुन्हा लिहायची. नवशिक्याला सर्वांत जड जाते ते हे पुनर्लेखन, कारण ऐकलेल्या कथनात त्याने ते कधी पाहिलेले नसते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. झाडीपट्टीच्या पुष्कळ नाटकांत नायक-नायिका, पाटील, डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतात आणि विनोदी पात्रे झाडीबोलीत. प्रेक्षक बोली ऐकून हसतो, आणि तो स्वतः घरी तीच बोली बोलतो. हाच श्रेणीक्रम कथेतही उतरतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने मराठी श्रोत्याला गावाकडची भाषा प्रेमाने ऐकायला लावले, पण त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यातून हशा तेवढा उचलला. मग बोली म्हणजे चव आणणारा मसाला झाली. म्हातारा, नोकर किंवा बावळट माणूस बोलीत बोलणार आणि प्रेमात पडलेला, विचार करणारा, निर्णय घेणारा माणूस प्रमाण भाषेत. अशा कथेत बोली भरपूर असूनही तिचा अपमानच असतो. नवोदिताने स्वतःच्या कथेला एक साधी परीक्षा लावावी : माझ्या कथेतला सर्वांत शहाणा माणूस कोणत्या भाषेत विचार करतो?

या ठिकाणी एक आक्षेप येतो, तोही ऐकला पाहिजे. झाडीबोलीतले शब्द कोल्हापूरच्या किंवा ठाण्याच्या वाचकाला कळतील का? मराठी वाचकाने ‘गोतावळा’ची बोली पचवली, वऱ्हाडी ‘धग’ पचवली, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचली. साहित्य अकादमीचा पुरस्कारही तिला मिळाला. शब्द अडतो तो संदर्भ नसला की. ‘वरच्या बांधीतलं पाणी त्यानं रात्री आपल्या बांधीत वळवलं’ या वाक्यात बांधी म्हणजे काय हे कोणाला विचारावे लागत नाही. कंसात अर्थ देण्याची सवय मात्र टाळावी. कंस उघडला की निवेदक आपल्या माणसांकडे पाठ करून परक्या वाचकाकडे वळतो आणि कथेतली जवळीक तिथेच तुटते.

६. शिकवणार कोण?

आयरिश कथाकार फ्रँक ओ’कॉनर याने ‘द लोनली व्हॉइस’ या पुस्तकात असा विचार मांडला, की लघुकथा ही समाजाच्या कडेला पडलेल्या, दबलेल्या माणसांच्या आवाजाशी विशेष जुळते. तो विचार मान्य केला, तर राज्याच्या पूर्व कडेच्या या जिल्ह्याला कथेचा पुरवठा कमी नाही. तुमसरची धानाची बाजारपेठ, डोंगरी-चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी, मोहाडी-आंधळगावचे कोशाचे विणकर, भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचा ओसरत गेलेला धंदा, धरणाने उठलेली गावे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेऱ्यांबरोबर माणसांची ये-जा, खेटे, नाती यांची दिशाही बदलली असणार. यातले किती कथेत आले? जे आले त्यातले किती ‘शेत’ होऊन आले आणि किती ‘बांधी’ राहून?

नागपूरकडच्या कथेला वामन कृष्ण चोरघडे यांच्यासारखा कथाकार लाभला. नरखेडला १९१४ मध्ये जन्मलेल्या चोरघड्यांनी विदर्भातल्या साध्या माणसांची हळुवार कथा लिहिली आणि १९७९ मध्ये चंद्रपूरच्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९२३ पासून काम करणारा विदर्भ साहित्य संघ आहे. विलास सारंगांनी ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ लिहून सर्जनशील लेखनावर मराठीत पुन्हा उघडपणे बोलता येते, हे दाखवले. म्हणजे साधने अगदीच नाहीत असे नाही. नाही तो हस्तलिखितावर बोट ठेवणारा माणूस. कथास्पर्धा पुष्कळ होतात, त्यांचे निकाल लागतात. पण ज्याला बक्षीस मिळाले नाही त्याला का मिळाले नाही हे कळत नाही आणि ज्याला मिळाले त्याला त्याहून कमी कळते. कार्यशाळेत पाहुणा लेखक येतो, आपल्या प्रवासाविषयी तासभर बोलतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. शिबिरार्थ्याने आणलेला कागद त्याच्या पिशवीतच राहतो.

या कामाला मोठी संस्था लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा पाच-सहा जणांनी बसावे. प्रत्येकाने एकच पान वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ किंवा ‘भावले’ हे शब्द त्या बैठकीपुरते वर्ज्य मानावेत आणि तीनच गोष्टी सांगाव्यात : सांगणारा कुठे उभा आहे असे वाटले, कोणत्या शब्दाशी कान अडला, कुठे लक्ष उडाले. पुढच्या महिन्यात तेच पान पुन्हा लिहून आणावे. गटात एक तरी माणूस असा असावा ज्याने पुस्तके फार वाचलेली नाहीत पण दंडार पुष्कळ पाहिली आहे. कान कुठे अडतो हे तो अचूक सांगेल.

संपादकांसाठीही एक विनंती आहे. आलेल्या शंभर कथांपैकी निदान दहा कथा तीन ओळींच्या शेऱ्यासह परत पाठवाव्यात. आणि पूर्वेकडून आलेल्या कथेत ‘पानी आला’ असे दिसले, तर मुद्रितशोधकाने लेखणी उचलण्याआधी लेखकाला एकदा विचारावे. कदाचित ती चूक असेल. कदाचित त्या कथेतले तेच एक वाक्य लेखकाने अजून खोडलेले नसेल.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा झाडीपट्टीत मंडईचे मांडव पडलेले असतील. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी परतणाऱ्यांत एखादी मुलगी असेल, जिला ते नाटक आवडले नाही आणि का आवडले नाही हे सांगता येत नाही. ती वही उघडेल आणि पहिले वाक्य लिहील. त्यात बांधी आली, तर तिने ती तशीच राहू द्यावी.